वाई की चिपळूण?
डोंबिवलीतल्या मावशी-काकांना निवृत्तीनंतर लहान गावात राहायचंय, पण दोघांचं एकमत होत नाही.

येण्याजाण्याचं बघितलं तर चिपळूण सरस. कोकण रेल्वे थेट गावात. वाईला रेल्वे नाही. एसटी किंवा स्वतःची गाडी. पुणं मात्र दोन-अडीच तासांवर.

खरा प्रश्न पावसाचा. चिपळूणला वाशिष्ठी नदी 2005 मध्ये शिरली, पुन्हा जुलै 2021 मध्ये, आणि बाजारपेठ पहिल्या मजल्यापर्यंत बुडाली. तिथं तळमजल्याचं घर स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. शेजाऱ्यांना विचारा, 2021 ला पाणी कुठवर होतं. भिंतीवरची खूण ते स्वतःच दाखवतील. शिवाय चार महिने कपडे वाळत नाहीत, कपाटातल्या पुस्तकांना बुरशी धरते. वाईत पाऊस बेताचा, हवा कोरडी. कृष्णाकाठची सखल जागा तेवढी टाळा.

दवाखान्यासाठी चिपळूणजवळ डेरवणचं मोठं रुग्णालय आहे. वाईकरांना मोठ्या दुखण्यासाठी सातारा नाहीतर पुणं.

मुलं मुंबईत असतील, उंचावरचा फ्लॅट मिळत असेल तर चिपळूण. काकांसारखा दमा असेल, मुलं पुण्यात असतील तर वाईच. आधी एक अख्खा पावसाळा भाड्यानं राहा.