मार्किंग ३१६एलचं, माल ३०४चा

पाइप खरा आणि एल्बो (पाइपलाइनच्या वळणावरचे जोड) खोटे, अशी आमची स्टेनलेस स्टीलच्या मालात फसवणूक झाली. फॅब्रिकेशन आणि मेंटेनन्समधल्या मंडळींनी हे जरूर वाचावं.

भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. एका केमिकल कारखान्यासाठी खारट पाण्याची २ इंची लाइन ३१६एल या ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलमध्ये करायची होती. पाइप, एल्बो, टी (तीन तोंडांचे जोड) सगळं मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून एकाच बिलावर घेतलं. भाव इतरांपेक्षा किंचित कमी, पण संशय यावा इतका नाही. काही महिन्यांतच एल्बोंना सुईच्या टोकाएवढी भोकं पडून गळती सुरू झाली. पाइप मात्र ठणठणीत.

पीएमआय गन, म्हणजे धातूत काय काय मिसळलंय ते जागेवर दाखवणारं हातातलं एक्स-रे यंत्र, मागवली. पाइपमध्ये मॉलिब्डेनम २ टक्क्यांच्या वर, हवं तसं. एल्बोत जवळजवळ नाहीच, म्हणजे सरळ ३०४ हा साधा ग्रेड. ३१६मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि क्षारांपुढे तो टिकतो त्यात याचा मोठा वाटा. दिसायला दोन्ही सारखे, आणि लोहचुंबकानेही हा फरक कळत नाही.

मग उरलेले एल्बो उन्हात धरून पाहिले. बाकी अंग पिकलिंगचं (ॲसिडने धुतल्याचं) मळकट पांढरं, आणि मार्किंगच्या पट्ट्यात तेवढे बफिंगचे (घासून चकचकीत केल्याचे) आडवे ओरखडे. जुनी अक्षरं घासून नवी कोरलेली. वर लिहिलेलं होतं ‘ए ३१२ टीपी ३१६एल’. इथेच चोरी उघडी पडली. ए ३१२ हे पाइपचं एएसटीएम स्पेसिफिकेशन, म्हणजे मानक. बटवेल्ड (टोकाला टोक लावून वेल्ड करायच्या) एल्बोवर ‘ए ४०३ डब्ल्यूपी ३१६एल’ असायला हवं. फोर्ज्ड (ठोकून घडवलेली) फिटिंग आणि फ्लँज (बोल्टने जोडायच्या चकत्या) असतील तर ‘ए १८२ एफ ३१६एल’. स्टोअरमध्ये सगळे ‘३१६एल’ हा आकडा शोधतात, त्याच्या आधीचं वाचत नाहीत, हे अक्षरं कोरणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

व्यापाऱ्याला जाब विचारला तर म्हणाला, “साहेब, एल्बो पाइपपासूनच बनतो ना? मग पाइपचंच मार्किंग येणार!” ऐकायला पटतं, पण खोटं आहे. पाइप वाकवल्यावर हीट ट्रीटमेंट होते, पिकलिंग होतं, आणि तयार फिटिंगवर फिटिंगचंच मार्किंग करावं लागतं.

टीसी, म्हणजे मालाचं टेस्ट सर्टिफिकेट, तर त्याहून वाईट. झेरॉक्सवरचा हीट नंबर (धातूच्या एका ओतीचा नंबर) एल्बोवरच्या नंबराशी जुळत होता. आम्ही टीसीवरच्या उत्पादकाला थेट ईमेल केला. उत्तर आलं की हीट आमचीच, पण तिच्यातून फक्त ४ इंची एल्बो बनवले होते. खऱ्या टीसीची झेरॉक्स घ्यायची, साइज बदलायची आणि तो नंबर भलत्याच मालावर कोरायचा, असा हा उद्योग. म्हणून टीसी उत्पादकाकडूनच पडताळून घ्या. हीट नंबरासोबत साइज आणि नगही विचारा.

आता ऑर्डरमध्येच आम्ही लिहितो: ईएन १०२०४ या मानकाप्रमाणे ३.१ प्रकारची टीसी, आणि आमच्या दारात प्रत्येक नगाची पीएमआय झाल्यावरच पेमेंट. नमुन्याला एक नग तपासून भागत नाही, कारण पोत्यात वरचे चार खरे असू शकतात. हातातली एक्स-रे गन कार्बन मोजत नाही, त्यामुळे ३१६ आणि कमी कार्बनचा ३१६एल यांतला फरक तिला कळत नाही. त्यासाठी कार्बन मोजणारा स्पार्क स्पेक्ट्रोमीटर (ओईएस) किंवा लॅब लागते.

कार्बन स्टीलमध्ये तर जिवाशी खेळ होतो. ए १०६ ग्रेड बी हा सीमलेस, म्हणजे बिनशिवणीचा पाइप. त्याचं रंगाचं स्टेन्सिल थिनरने पुसता येतं आणि तसंच ईआरडब्ल्यू (पत्रा वळवून शिवणीवर वेल्ड केलेल्या) पाइपवर मारताही येतं. स्टीम लाइनला असा पाइप लागला तर काय होईल, याचा विचारही करवत नाही. टोकाशी आत बोट फिरवा, पुष्कळदा शिवण हाताला लागते. आयबीआरचा (बॉयलरच्या सरकारी नियमांखालचा) माल असेल तर फॉर्म ३-ए मागा आणि त्यावरचे नंबर पाइपवर प्रत्यक्ष पंच केलेले आहेत का ते बघा.

व्यापारी शेवटी नरमला, “माल परत पाठवा, बदलून देतो” म्हणाला. आम्ही पाठवला नाही. तेच एल्बो पुन्हा दुसऱ्या कोणाच्या तरी माथी मारले गेले असते. मार्किंगचे फोटो आणि लॅबचा रिपोर्ट जोडून वकिलामार्फत नोटीस दिली, पुराव्यापुरते नग सीलबंद ठेवले आणि बाकीचे कटरने उभे कापून भंगारात घातले.