कुत्रा वाफे उकरतो: जाळी, काट्या की वाळूचा खड्डा?

आधी तो कधी आणि कुठे उकरतो ते पाहा. एप्रिल-मे मध्ये नागपूर-अकोल्याकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि घराजवळ ओली, गार माती उरते ती फक्त सांबार (कोथिंबीर) आणि पालकाच्या वाफ्यात. दुपारी तिथे उकरून पोट टेकून बसणाऱ्या कुत्र्याला वाळूचा खड्डाच द्यावा. नुसती जाळी टाकली तर तो शेजारचा वाफा धरतो.

खड्डा कडुनिंबाच्या सावलीत, 4 बाय 3 फूट, दीड फूट खोल. त्यात अर्धी नदीची वाळू, अर्धी भुसभुशीत माती. निव्वळ काळी माती भरू नये, वाळली की दगडासारखी होते. उन्हं चढण्याआधी बादलीभर पाणी टाका. सुरुवातीला भाकरीचा तुकडा चार बोटं खोल पुरला की जागा लवकर ओळखीची होते. पावसाळ्यात त्याचं डबकं होतं, तेव्हा बुजवून टाका.

नुकत्याच पेरलेल्या वाफ्याला मात्र जाळीच बरी. कोंबड्यांच्या खुराड्याची, 1 इंच भोकाची जाळी मातीला टेकवून अंथरायची, तुटकी टोकं खाली वळवायची, दर दोन फुटांवर तारेचे आकडे ठोकायचे. सांबार भोकांतून वर येतो. अडचण निंदणाची, आणि मेथी उपटता येत नाही, विळ्याने कापावी लागते.

बोराटी-बाभळीच्या काट्या फुकट मिळतात, पण काटा पंजात मोडला की पू धरतो, आणि पोरंही अनवाणी फिरतात. तुराट्यांच्या कुंपणाखालून कुत्रा सहज शिरतो. दोन फुटी जाळी काटकोनात वाकवा: एक फूट कुंपणाला बांधा, एक फूट बाहेरच्या बाजूला जमिनीवर पसरून वर दगड ठेवा. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात, तेव्हा कडा तपासा.

वाफ्यावर टाकलेलं तिखट पाण्यासोबत वाहून जातं आणि कुत्र्याचे डोळे जाळतं. डांबरगोळ्या विषारी. दोन्ही नकोत.

एकाच जागी खोल उकरत असेल तर खाली उंदीर-घूस असण्याची शक्यता जास्त. पिंजरा लावा. औषध घातलं तर मेलेला उंदीर कुत्राच खातो. आणि खत घातल्यावरच उकरत असेल तर वासावर आलाय: खत चांगलं मातीआड करा. एरंडीची ढेप (पेंड) वाफ्यात घालूच नका, त्यातल्या रिसिन या विषाने कुत्रा मरू शकतो. निंबोळीची ढेप वापरा.