दोन्ही टोकांना नवी वायर, मधे जुनीच

घराचं वायरिंग नव्याने करून घेताना वायरमनने सांगितलेले आकडे अगदी बरोबर होते, तिथेच मी फसलो. दिवे-पंख्यांना दीडची वायर (म्हणजे दीड चौरस मिमी जाडीची), प्लगांना अडीचची, गिझरला चारची स्वतंत्र लाइन. मी थोडंफार वाचलेलं होतं, त्यामुळे माणूस जाणकार वाटला. (होताही. न जाणणाऱ्याला हे जमलंच नसतं.)

काम संपल्यावर त्याने एकेक बोर्ड उघडून दाखवला. कोरी करकरीत वायर, गिझरच्या वायरीवर 4 चौरस मिमी छापलेलं. मी मान डोलावली आणि पैसे चुकते केले. अख्ख्या घराची जुनी वायर निघाली तर केवढा ढीग पडायला हवा! कोपऱ्यात जेमतेम ओंजळभर तुकडे होते. तेव्हा खटकलं नाही.

पुढे गिझर आणि किटली एकदम चालू असली की 16 अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) पडायला लागला. स्वतंत्र लाइनवर किटली आली कुठून, हेही मी विचारलं नाही. त्याला बोलावलं. त्याने फुकटात 32 चा बसवला. म्हणाला, "आता नाही पडणार, साहेब." नाही पडला. 3000 वॅटचा गिझर 13 अँपिअर घेतो, 2000 वॅटची किटली जवळपास 9. 32 च्या एमसीबीला 22 म्हणजे काहीच नाही. पण एमसीबी वायर वाचवायला असतो, तो वायरीपेक्षा मोठा लावला की भिंतीतली वायर तापत राहते आणि तो गप्प बसतो.

एका सकाळी जळका वास आला. दुसऱ्या वायरमनने रंगाखाली बुजवलेला जंक्शन बॉक्स, म्हणजे तारा जोडायचा डबा, फोडला. चारच्या नव्या तांब्याच्या तारेला जुनी दीडची ॲल्युमिनियमची तार नुसती पिळून जोडलेली. टेप वितळून काळी पडलेली. असा सांधा सैल होत जातो, तापतो. शिवाय त्या जुन्या तारेचा रोध चारच्या तांब्याच्या चौपटीहून जास्त, म्हणजे तापणंही तितकंच जास्त. हिरवी अर्थिंगची वायर तर डब्यातच संपली होती, कशालाच न जोडता.

तुमच्याकडे काम निघालं तर प्रत्येक पाइपमधून जुनी वायर तुमच्यासमोर बाहेर येऊ द्या. सगळे जंक्शन बॉक्स डोळ्यांनी पाहिल्याशिवाय प्लास्टर करू देऊ नका, आणि पडणारा एमसीबी मोठा करून घेऊ नका.

मी दुसऱ्यांदा सगळं उभं राहून करून घेतलं. या वेळी जुन्या तारांनी दोन पोती भरली.