आजी-नातवंडांसकट जायचं असेल तर गुहागर

सासूबाईंचे गुडघे आणि दोन धावरी मुलं, एवढ्या दोन गोष्टींवर आमचं ठिकाण ठरलं. गणपतीपुळ्याच्या रांगा नकोत म्हणून पुण्याहून उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाट उतरून चिपळूणमार्गे थेट गुहागर. इथे व्याडेश्वराचं देऊळ, बाजार आणि समुद्र, तिन्ही चालत जाण्यासारखं. सासूबाईंना कुठेही गाडीत चढ-उतर करावी लागली नाही, यातच निम्मे गुण वसूल.

किनारा सहाएक किलोमीटर लांब, मागे सुरूचं बन. देवळाकडून पुळणीवर उतरलं की तिथे उंटवाले, भेळवाले, सगळी जत्रा. पण जरा बाजूला सरकलात तर वाळूत फक्त खेकड्यांची नक्षी. ओहोटीला ओली वाळू इतकी घट्ट असते की काठीसुद्धा रुतत नाही. मुलांना मात्र घोट्याएवढ्या पाण्यापुढे सोडलं नाही.

राहायला घरगुती सोय होती. जाहिरातीत ‘समुद्रालगत’ म्हटलेलं. लगत आहे खरी, पण मधली पोफळीची वाडी संध्याकाळनंतर काळीकुट्ट आणि दिवा एकही नाही. बॅटरी न्याच. जेवणाला मात्र नावं ठेवायला जागा नाही: कुळथाचं पिठलं, मऊ भात, सोलकढी, आणि आदल्या दिवशी सांगितलं तर उकडीचे मोदक. मासे त्या घरात चालत नाहीत, तेव्हा आमच्या ह्यांनी सुरमईची हौस बाजारातल्या खानावळीत भागवली.

गुहागरजवळच्या हेदवी गावची बामणघळ बघायची तर भरतीलाच जा. कातळातल्या अरुंद भेगेत लाट शिरते आणि पाणी उंच उसळतं. ओहोटीला नुसती भेग बघून परत यावं लागतं. भरतीच्या वेळेसाठी मोबाईल कशाला? घरच्या काकूंनी हिशेब सांगितला: तिथीची पाऊणपट करायची. त्या दिवशी द्वादशी, म्हणजे नऊ. पावणेनऊला पोचलो आणि धाकटा लाटेगणिक किंचाळत होता. कड्याच्या टोकाला जाऊ नका, कातळ निसरडा आहे.

परतताना धोपाव्याहून फेरीबोटीने गाडीसकट दाभोळला उतरलो. पुढे दापोलीला मुक्काम होता म्हणून. थेट पुण्याला यायचं असेल तर हा वळसाच पडेल. तरी मुलं असतील तर हा वळसा घ्या.