८×४२ की १०×४२? खानदेशात पक्षी पाहणाऱ्याची पहिली दुर्बीण

हतनूर धरणाच्या पाण्यावर चक्रवाक बदकं उतरली, की ओळखीतलं कोणीतरी हमखास विचारतं: पहिली दुर्बीण घ्यायची आहे, आठची घेऊ की दहाची? आठ किंवा दहा म्हणजे पक्षी किती पट मोठा दिसतो तो आकडा. दोन्हींचं पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं आणि किंमतही जवळपास सारखी, म्हणून माणूस अडतो. मी दोन्ही वापरल्या आहेत, पाणवठ्यावरही आणि सातपुड्यातही. माझं उत्तर आठ. पण काहींनी माझं न ऐकता दहाचीच घ्यावी, असंही मला वाटतं.

आधी हिशोब. ३०० मीटरवर पोहणारा पट्टकादंब आठच्या दुर्बिणीतून साडेसदतीस मीटरवर असल्यासारखा दिसतो, दहाच्या दुर्बिणीतून तीस मीटरवर. दुकानात उभं असताना हा फरक फार मोठा वाटतो, प्रत्यक्षात तेवढा नाही. त्या बदल्यात दृश्याची रुंदी जाते. १०० मीटरवर आठच्या चांगल्या दुर्बिणीत तेरा-चौदा मीटरचा पट्टा मावतो, दहाच्या बहुतेक दुर्बिणींत अकराच्या आसपास. शिवाय हात हलतो. पक्षी जितक्या पटीने मोठा, तितक्याच पटीने हाताचं थरथरणंही मोठं, आणि दोन तास चालून आल्यावर ते चांगलंच जाणवतं.

यावल अभयारण्यातल्या सागाच्या रानात हे दोन-तीन मीटर फार मोलाचे आहेत. निखारांचा थवा शेंड्याशेंड्यावरून सरकत असतो, सुभग पानाआड शिरतो, चष्मेवाला पक्षी एका जागी ठरतच नाही. दहाची दुर्बीण लावली की माझ्या वाट्याला बरेचदा नुसती पानंच यायची. आठची लावली की पक्षी लगेच सापडतो. तो आधी सापडायला हवा, मोठा दिसणं नंतरचं.

आपल्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांच्या मनात रानपिंगळा, म्हणजे जंगलातलं छोटं घुबड, असतो, आणि असावाच. १८८४ नंतर या पक्ष्याचा खात्रीचा पत्ता नव्हता. तो पुन्हा सापडला नोव्हेंबर १९९७ मध्ये, शहाद्याजवळ. रानपिंगळा दिवसा वावरतो आणि उघड्या फांदीवर बराच वेळ बसतो, त्यामुळे इथे दहाचा फायदा खराच होतो. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात. रानपिंगळ्याचा माथा जवळपास कोरा, शेपटीवर रुंद पट्टे आणि पाय दणकट. हे सगळं दहातून ठळक दिसतं, पण आठमधूनही दिसतं. खांदा झाडाच्या खोडाला टेकवून श्वास रोखला की पुरे. जवळ जाण्याचा मोह मात्र आवरावा. दुर्बीण घ्यायची ती त्याला त्याच्या फांदीवर राहू देण्यासाठीच.

आता हतनूर. तापी-पूर्णेच्या संगमाजवळचं हे पाणी इतकं पसरलेलं आहे की तलवार बदक आणि थापट्यांची रांग पलीकडच्या काठाला चिकटलेली असते. चिखलातल्या तुतारी (काठाकाठाने फिरणारे छोटे पक्षी) ओळखायच्या तर पायाचा रंग दिसायला हवा. तुमचं पक्षी पाहणं मुख्यतः इथलं, गिरणा धरणावरचं किंवा लळिंगजवळच्या उघड्या माळावरचं असेल आणि हात स्थिर असेल, तर दहाची घ्या. तुम्हाला आठ अपुरी पडेल.

तरी एक गोष्ट लक्षात ठेवा: आपलं ऊन. फेब्रुवारी सरला की सकाळी नऊ-साडेनऊलाच पाण्यावर आणि काळ्या मातीवर झळा नाचायला लागतात. दुर्बीण पक्ष्यासोबत त्या झळाही मोठ्या करते. अशा वेळी दहातून बदक मोठं दिसतं, पण वितळल्यासारखं, आणि पिसांचा तपशील आठइतकाच मिळतो. फार लांबच्या थव्यांसाठी चार जणांनी मिळून तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने पाहायची मोठी दुर्बीण) घेणं मला जास्त पटतं.

पहाटेच्या उजेडातही आठच सरस. ४२ ला ८ ने भागलं की ५.२५ मिलिमीटर, १० ने भागलं की ४.२. डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची ही जाडी. भर उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरचीच असते, म्हणून तेव्हा फरक कळत नाही. झुंजूमुंजू असताना कळतो.

घरात लहान मुलं असतील तर प्रश्नच नाही. अनेर धरणावर दुर्बीण काढली की पोरं जमतात, "माले बी देखू दे ना!" आठची दिली की नदीसुरय त्यांना चटकन सापडतो. दहाची दिली की बराच वेळ नुसतं आभाळच शोधत राहतात.

बजेट दहा-बारा हजारांच्या आत असेल तर आकड्यांइतकाच घडणीचा विचार करा. निकॉन अ‍ॅक्युलॉनसारखी जुन्या घडणीची, फुगीर खांद्यांची पोरो दुर्बीण कमी पैशांत फार स्वच्छ चित्र देते, पण ती जड असते आणि पाण्यापासून सांभाळावी लागते. निकॉनच्याच प्रोस्टाफ पी३ सारखी सरळ नळ्यांची रूफ दुर्बीण हलकी आणि जलरोधक असते. तोरणमाळच्या पावसात फिरणार असाल तर दुसरी घ्या. हिवाळ्यातच बाहेर पडणार असाल तर पहिलीत पैसे जास्त वसूल होतात. चष्मा असेल तर आय रिलीफ, म्हणजे डोळा भिंगापासून जितका लांब ठेवूनही पूर्ण दृश्य दिसतं ते अंतर, पंधरा मिलिमीटरच्या वर हवा, नाहीतर दृश्याच्या कडा कापल्या जातात. इथे बऱ्याच स्वस्त पोरो मागे पडतात.

झूमवाल्या आणि २०×५० छापाच्या दुर्बिणी घेऊ नका. माझी पहिली अशीच होती. तिच्यातून वेडा राघूसुद्धा हिरव्या डागासारखा दिसायचा, आणि त्या एका हिवाळ्यात आपल्या नजरेतच काही कमी आहे असं मला वाटत राहिलं.

कोणतीही घेतली तरी आपल्याकडची धूळ भिंगावर बसणारच. कापूस वेचणीच्या दिवसांत गाडीरस्त्याने फिरून आल्यावर लगेच रुमाल फिरवू नका, मातीचे कण भिंगावर ओरखडे काढतात. आधी दाबून हवा सोडणाऱ्या रबरी फुग्याने धूळ उडवा, मगच मऊ कापड लावा.