नऊ गिअरचा ट्रक : १४ महिने आणि ६२ हजार किलोमीटरनंतर

गेल्या वर्षी जुनी दहा चाकी घेतली. २०१९ चं मॉडेल, २८ टनी, नऊ गिअरची. त्याआधी ११ वर्षं सहा गिअरची गाडी चालवली होती. गाव हिंगणघाटजवळ आहे, त्यामुळे हंगामात जिनिंगमधून कापसाच्या गाठी आणि बाकी वर्षभर सोयाबीनचे कट्टे नाहीतर सिमेंट. एक गाठ साधारण १७० किलोची. शंभर गाठी चढल्या की १७ टन झाले, म्हणजे गाडी भरलेलीच.

सहा गिअरवाल्याने नऊ गिअरला घाबरू नये. खरे गिअर चारच आहेत. मागे एक लो-हायचा भाग जोडलेला असतो आणि तो हवेच्या दाबावर बदलतो. लोमध्ये एक ते चार, हायमध्ये पाच ते आठ, आणि सगळ्यात खाली वेगळा क्रॉलर, म्हणजे अगदी हळू पण जोरात ओढणारा गिअर. क्रॉलरमध्ये इंजिन साधारण साडेबारा फेरे फिरतं तेव्हा गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा प्रोपेलर शाफ्ट एकदा फिरतो. पावसाळ्यात काळ्या मातीच्या धुऱ्यावरून भरलेली गाडी काढताना ही ताकद कळते. चढावर सहा गिअरच्या गाडीत एक गिअर उतरवला की इंजिन एकदम बोंबलायचं. इथे दोन गिअरमधलं अंतर कमी आहे, म्हणून इंजिन आपल्या ताकदीच्या टप्प्यात राहतं. भरल्या गाडीला डिझेलही परवडतं. मला लिटरमागे ३.७ वरून ४.१ किलोमीटर मिळू लागलं.

आता त्रासाचं.

तिसऱ्या महिन्यात रिव्हर्स टाकताना खर्रर्र आवाज यायला लागला. आठवडाभरात पहिलाही अडकायला लागला. एका गॅरेजमध्ये दाखवली तर त्यांनी गाडीखाली न जाताच सांगितलं, सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या रिंगा) गेले, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, ६० हजार धरून चला. त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी आमच्या जुन्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. ते म्हणाले, "भाऊ, गेर खोलाची घाई नोको करू. आधी क्लच पाय." इंजिन चालू ठेवून त्यांनी पेडल पूर्ण दाबायला सांगितलं, दहापर्यंत मोजायला लावलं आणि मग रिव्हर्स टाकायला लावला. तरीही खरखर. रिव्हर्सला सिंक्रो नसतोच. क्लच पूर्ण सुटला तर आतला शाफ्ट दहा सेकंदांत थांबतो आणि गिअर गुपचूप पडतो. खरखरला म्हणजे क्लच अर्धा चिकटून आहे. दोष निघाला क्लच बूस्टरमध्ये, म्हणजे पेडलचा जोर हवेने वाढवणाऱ्या भागात. आतलं सील गळत होतं आणि क्लच ढकलणाऱ्या पुशरॉडचा स्ट्रोक कमी पडत होता. किट, ऑइल आणि मजुरी मिळून साडेतीन हजारांच्या आत काम झालं. गिअरबॉक्सला पाना लागला नाही.

त्याच दिवशी काकांनी आवाज ओळखायला शिकवलं. न्यूट्रलमध्ये गुरगुर येते आणि क्लच दाबला की बंद होते, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर संशय घ्यायचा. उलट क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असेल, तर आधी क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग बघायचं. एवढं माहीत असलं की कोणी उगाच गिअरबॉक्स उतरवायला लावू शकत नाही.

दुसरा मोठा धडा हवेचा. पौषातल्या एका पहाटे नागपूरहून सिमेंट भरून अमरावतीकडे निघालो होतो. तळेगावजवळच्या सत्याग्रही घाटात हायमधून लोमध्ये आलो. दांडा बसला, क्लच सोडला, इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडीला ओढच नाही. न हाय, न लो, मधेच लटकलेली. ब्रेक मारून चाकाला दगड लावला तेव्हा जीवात जीव आला. कारण असं की हवेतली ओल शोषणाऱ्या एअर ड्रायरचं कार्ट्रिज कधीचं संपलं होतं. हवेच्या टाकीत पाणी साचून ते लो-हायच्या सिलिंडरपर्यंत गेलं आणि ओ-रिंग फुगून खराब झाली. आता रोज सकाळी टाकीचं पाणी काढतो आणि दाब पूर्ण भरल्याशिवाय हलत नाही. ड्रायरचं कार्ट्रिज वेळेवर बदला, कृपा करून. पोटापाण्याच्या गाडीत ही चालढकल जिवावर बेतते.

तेलाबाबत दुकानदाराचं ऐकू नका, गाडीच्या पुस्तिकेचं ऐका. आमच्याकडे "नव्वद नंबर" मागितलं की क्राऊनचं (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरचं) जीएल-५ ग्रेडचं तेल हातात पडतं. क्राऊनला ते बरोबरच आहे, पण त्यातली गंधकयुक्त द्रव्यं पितळी सिंक्रो रिंगांना खाऊ शकतात. माझ्या गाडीत आधीच्या मालकाने तेच भरलं होतं. पुस्तिकेतल्या ग्रेडचं तेल भरल्यावर थंडीतला जड गिअर महिनाभरात हलका झाला. तेल काढाल तेव्हा ड्रेन प्लगचं चुंबक बोटाने चाचपा. करड्या लोण्यासारखा थर असेल तर चिंता नाही, टोकदार कण लागले तर गाडी उभी करा. गिअरबॉक्सची हवा सोडणारा ब्रीदरही पुसून घ्या, तो धुळीने बंद झाला की मागच्या सीलमधून तेल येतं.

आणि टोचन, म्हणजे बंद गाडी ओढून नेणं. आमच्या गावातल्या एका गाडीचं इंजिन बंद पडलं, तिला प्रोपेलर शाफ्ट न काढता ४० किलोमीटर ओढत आणली. इंजिन बंद असताना गिअरबॉक्समधला खालचा शाफ्ट फिरत नाही, म्हणजे वर तेल उडत नाही, पण चाकांमुळे वरचा मेन शाफ्ट गरागरा फिरत राहतो. घरी पोचेपर्यंत आतले बेअरिंग आणि गिअर जळून चिकटले होते. प्रोपेलर काढायला अर्धा तास लागतो. तेवढा द्याच. उतारावर इंजिन बंद करून न्यूट्रल मारणाऱ्यांच्या गिअरबॉक्समध्येही हेच होतं, शिवाय कॉम्प्रेसर थांबल्यामुळे ब्रेकची हवा भरत नाही ती वेगळी.

माझी गाडी सगळी निर्दोष झाली असं नाही. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की सातवा कधीकधी सुटायचा. दांड्यावर हात ठेवून चालवायची माझी सवय आहे, त्याने गिअर सरकवणारा आतला फोर्क झिजतो, म्हणून आधी तोच दोष मनात आला. काकांनी गिअरबॉक्सचे माउंटिंग रबर बघितले तर एक पार फाटलेलं. ते बदलून तीन आठवडे झाले, सातवा अजून सुटलेला नाही. हात मात्र आता स्टिअरिंगवरच ठेवतो.