पंचवीस जोड मोजे आणि तीन हजारांची अनामत

"घर बैठे हाथ से मोज़े बुनिए, एक जोड़ी पर 220 रुपये, माल विदेश जाएगा" असा मेसेज तुमच्या भिशीच्या किंवा मंडळाच्या ग्रुपवर आला असेल तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा. गेल्या हिवाळ्यात ग्वाल्हेरात, लश्कर भागातल्या कितीतरी मराठी बायका यात अडकल्या. मीही त्यांतलीच. रक्कम एकेकीची फार मोठी नव्हती, म्हणून कुणी बोंब मारली नाही, आणि बोंब झाली नाही म्हणूनच ती मंडळी अख्खा हंगाम निवांत धंदा करून गेली.

सिटी सेंटरला दुसऱ्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. काचेचं दार, भिंतीवर फ्रेम केलेलं कसलंसं प्रमाणपत्र, आणि टेबलामागे एक अतिशय गोड बोलणारा तरुण. माझ्या वयाच्या बाईला "दीदी", आमच्या काकूंना "माताजी". शंभराच्या स्टॅम्प पेपरवर करार छापून तयारच असायचा. अनामत 3,000 रुपये, ती काम पूर्ण झाल्यावर परत. लोकर त्यांची, सुया त्यांच्या. चाळीस दिवसांत पंचवीस जोड विणून द्यायचे आणि त्यातले नव्वद टक्के पास झाले, तर 5,500 रुपये मजुरी. नवी बाई आणली की तिच्यामागे 200 रुपये वेगळे. हे शेवटचं कलम सगळ्यांत घातक निघालं. मार्गशीर्षातल्या गुरुवारांच्या हळदीकुंकवात वाणाबरोबर त्या ऑफिसचा पत्ताही घरोघर पोचला. अनोळखी माणसाला कुणी तीन हजार दिले नसते हो, पण जाऊबाईंनी सांगितलं, वहिनींनी आधीच भरलेत, मग विचारायचं कोणाला?

पिशवीत पन्नास-पन्नास ग्रॅमचे म्हणून लोकरीचे चाळीस गुंडे निघाले, चार सुयांचा एक संच आणि मापांचा एक कागद. गुंड्यांवरच्या पट्टीवर मेंढीचं चित्र, खाली "प्युअर मेरिनो", म्हणजे मेरिनो मेंढीची शुद्ध लोकर. बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, लॉट नंबर नाही, वजनही छापलेलं नाही. बाजारातला कुठलाही साधा गुंडा घ्या, पाकिटावर कोणी बनवला, निव्वळ वजन किती, कमाल किंमत किती हे असतंच, कारण पॅकबंद मालावर ते छापणं कायद्यानं सक्तीचं आहे. मेंढीचं चित्र कोणीही छापू शकतं. शुद्ध लोकरीची जगभर चालणारी खूण म्हणजे वूलमार्क, लडीसारखे वळणारे काळे पट्टे असलेली, 1964 पासूनची. तिचा इथे पत्ता नव्हता.

विणणारणींनी खरं तर सुया पाहूनच थबकायला हवं. कागदावर लिहिलं होतं, घोट्याला 60 टाके, घेर 20 सेंटिमीटर. म्हणजे 10 सेंटिमीटरमध्ये 30 टाके बसले पाहिजेत. आणि दिलेल्या सुया होत्या 9 नंबरच्या! आपल्याकडच्या जुन्या मापात नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. 9 म्हणजे पावणेचार मिलिमीटर. त्या सुईवर त्या लोकरीचे 10 सेंटिमीटरमध्ये 23 टाके पडत होते. साठ टाक्यांचा घेर झाला 26 सेंटिमीटर. मोजा कसला, पिशवीच. कागदातलं माप गाठायला माझ्या स्वतःच्या 12 नंबरच्या, पावणेतीन मिलिमीटरच्या सुया काढल्या, हात आवळून विणलं, तेव्हा कुठे घेर जमला. मी ऑफिसात तसं सांगितलंही. तो हसून म्हणाला, "दीदी, आप तो एक्सपर्ट हैं." पुढे हेच वाक्य माझ्यावर उलटलं. कराराच्या मागच्या पानावर ओळ होती, दिलेल्या सुयांखेरीज दुसऱ्या सुया वापरल्यास माल बाद. म्हणजे त्यांच्या सुया वापरा, माप चुकेल. आपल्या वापरा, करार मोडेल.

आता त्यांची खरी हुशारी. मोजे विणणारीला आपल्या कामातली खोट आपल्यालाच सगळ्यांत आधी दिसते. पहिला मोजा झाला की दुसरा कधीच तंतोतंत तसा होत नाही. सकाळी बोटं गारठलेली असतात तेव्हा टाका आवळ पडतो, दुपारी उन्हात गच्चीवर बसलं की सैल. टाचेची पट्टी तीस टाक्यांवर विणून, वळवून, बाजूचे टाके उचलताना कोपऱ्यात एक भोक राहतंच, ते आतून सुईनं ओढून घ्यायचं. मधेच कुकरची शिट्टी होते, ओळ विसरते, एक टाका तीन ओळी खाली सुटलेला रात्री दिसतो आणि मग उसवा. स्वेटरात असलं काही खपून जातं, बाही थोडी लांब झाली तर दुमडून घालतात. मोज्यात जागाच नसते लपायला. त्यामुळे "टेन्शन बराबर नहीं है", म्हणजे टाक्यांचा ताण सारखा नाही, असं कुणी म्हटलं की विणणारी बाई भांडत नाही, ती मान खाली घालते. पापड लाटायला दिले असते आणि बाद केले असते तर बायकांनी ऑफिस डोक्यावर घेतलं असतं. मोज्यांना मात्र प्रत्येकीला वाटलं, असेल माझंच चुकलेलं. याच एका गोष्टीवर तो सगळा धंदा उभा होता.

वजनाचं गणित नंतर कळलं. कागदाप्रमाणे एका जोडीला 80 ग्रॅम लोकर, पंचवीस जोडांना बरोबर दोन किलो, चाळीस गुंडे. हिशोब चोख. पण माझ्या भिशीतल्या एकीनं स्वयंपाकघरातल्या काट्यावर गुंडे ठेवले तर कुठलाच 43-44 ग्रॅमच्या वर जाईना. म्हणजे हातात आले पावणेदोन किलोच्या आत, त्यात एकवीस जोड कसेबसे होणार. पास व्हायला हवेत किमान तेवीस! मग धावा ऑफिसात. "कोई बात नहीं, एक्स्ट्रा ऊन ले लीजिए", गुंड्याला 90 रुपये रोख, पावती नाही. आणि हे जादाचे गुंडे दुसऱ्या रंगाईचे. ज्यांनी स्वेटर विणलेत त्यांना ठाऊक आहे, एकाच रंगाची लोकरसुद्धा दोन लॉटमध्ये थोडी वेगळी उतरते. म्हणून दुकानदाराकडून सगळे गुंडे एकाच लॉटचे, एक जास्तच, एकदम घ्यायचे असतात. ट्यूबलाइटखाली फरक दिसत नाही, सकाळी खिडकीशी धरला की पंजा आणि घोटा वेगळे दिसायला लागतात. ते जोड त्यांनी खिडकीशी नेऊनच पाहिले. "शेड मिसमॅच." बाद.

मजुरीचाही हिशोब कुणी मांडला नव्हता, तो आता मांडते. सराईत हाताला एक जोड पूर्ण करायला बारा ते पंधरा तास लागतात. पंचवीस जोडांना साडेतीनशे तास धरा, म्हणजे चाळीस दिवस रोज जवळपास नऊ तास. तासाला पडले पंधरा-सोळा रुपये. बाजारात यंत्रावरचे मोजे पन्नास-साठ रुपयांना जोडी मिळतात, तिबेटी बाजारात लुधियानाचा माल ढिगानं पडलेला असतो. हातविणीच्या मोज्यांना शौकीन गिऱ्हाईक असतं, नाही असं नाही, पण त्याच्यासाठी विणून घेणारा माणूस आधी एक नमुना मागतो, हात बघतो, मग काम देतो. इथे नमुना कुणाचाच मागितला नव्हता. जिला सुलट-उलट येत नव्हतं तिचीही अनामत घेतली होती.

फुगा फोडला तो शेजारच्या काकूंनी. वय बहात्तर, आमच्या गल्लीतल्या दोन पिढ्यांच्या कानटोप्या त्यांच्या हातच्या. त्यांचे टाके इतके एकसारखे की यंत्राचे वाटावेत. त्यांचे मोजे "ढीले हैं" म्हणून सुधारायला परत आले तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. पंधरवड्यानं तोच जोड, एक टाकासुद्धा न बदलता, त्यांनी माझ्या जावेच्या पिशवीतून पाठवला. शेरा आला, "टाइट हैं, रिजेक्ट." काकू म्हणाल्या, "मोजा तोच, पाय तोच, आता त्याचं डोकं तपासा."

मग त्यांनी गुंड्यातला वीतभर धागा तोडला, चिमट्यात धरला आणि काडी लावली. खरी लोकर पटकन पेट घेत नाही. जळते तेव्हा केस जळल्याचा वास येतो, काडी दूर नेली की विझते आणि मागे राहते ती काळी राख बोटांत चुरडता येते. आमचा "मेरिनो" भपकन पेटला, वितळत गेला, काळा धूर सोडला आणि टोकाला टणक गोळी उरली. सरळ सरळ ॲक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा. (हे करताना धागा थाळीवर धरा, साडीचा पदर लांब ठेवा. आगीची भीती वाटत असेल तर एका वाटीत कपड्यांचं क्लोरीनवालं ब्लीच घेऊन धागा रात्रभर त्यात बुडवा, लोकर विरघळून जाते, ॲक्रिलिक तसंच राहतं.) ॲक्रिलिक वाईट असतं असं मी म्हणत नाही, बाळाच्या रोज धुवायच्या कपड्यांना मी तेच वापरते. पण बाजारभावानं ते अख्खं किट हजार-बाराशेच्या पलीकडे जात नव्हतं. म्हणजे आम्ही दारात पाऊल टाकलं तेव्हाच त्यांची कमाई झालेली होती, बाकी सगळं अनामत परत न करण्याचं नाटक.

आम्ही पाच-सहाजणी मिळून गेलो तेव्हा तो तरुण तितकाच नम्र होता. "हेड ऑफिस से बात करता हूँ, संक्रांति के बाद आइए." तिळगूळ देऊन झाला, आणि संक्रांतीनंतर काचेच्या दाराला कुलूप. खालच्या दुकानदाराला एवढंच माहीत की जागा तीन महिन्यांच्या भाड्यानं घेतली होती.

एक गोष्ट मला अजून सलते. बाद झालेला माल कराराप्रमाणे "स्क्रॅप" म्हणून त्यांच्याकडेच राहायचा. जानेवारीत आम्ही मेळ्यात गेलो. ग्वाल्हेरचा व्यापार मेळा 1905 मध्ये माधवराव शिंद्यांनी सुरू केलेला, हिवाळ्यात तिथे गेल्याशिवाय आमच्याकडे कुणाचा थंडीचा हंगाम पुरा होत नाही. एका गाळ्यावर हातविणीचे मोजे टांगलेले, 250 रुपये जोडी. रंग आमचेच तीन. माझ्या जावेनं टाच उलटून पाहिली आणि म्हणाली, ही काकूंचीच. शपथेवर सांगता येणार नाही, टाचेवर कुणाची सही नसते. गाळेवाल्याला विचारलं तर म्हणाला, लश्करातून एकानं किलोनं विकला, बिल नाही. त्याचा दोष नाही, त्यानं पैसे मोजूनच घेतले असतील. पण बाद माल असा रांगेत टांगून विकला जातो होय?

तक्रारीचं सांगते, कारण त्यात बहुतेक जणी कच खातात. ज्यांनी अनामत यूपीआयनं भरली होती त्यांनी 1930 वर फोन केला. ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीसाठी हा देशभराचा नंबर आहे, आणि जितक्या लवकर कराल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात अडकवता येण्याची शक्यता जास्त. आमच्यातली एक अगदी शेवटी भरती झाली होती, तिची रक्कम बँकेत रोखली गेली; आमची केव्हाच पुढे सरकली होती. ठाण्यातही अर्ज दिला. जुनं चारशेवीस कलम आता नाही, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 318 लागतं. अर्जात कलम तुम्ही लिहिलंच पाहिजे असं नाही, घटना तारखेनं लिहा. करार, मेसेजचे स्क्रीनशॉट, पैसे गेल्याची नोंद आणि वजन केलेल्या गुंड्याचा काट्यावरचा फोटो जोडा. वहिनींच्या मिस्टरांनी सांगितलं, "तुम्ही ग्राहक कुठे, तुम्ही कामगार." तसं नाही. स्वतःच्या पोटापाण्याच्या रोजगारासाठी घेतलेला माल 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसतो, आणि जादाची लोकर तर आम्ही पैसे देऊन विकतच घेतली होती. ग्राहकांच्या तक्रारींसाठी असलेल्या 1915 या फोन नंबरवर तक्रार नोंदवता येते, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही. आपण जिथे राहतो तिथल्याच आयोगात दावा लावता येतो, समोरचा कुठल्या शहरात पळाला याच्याशी देणंघेणं नाही.

काम खरंच हवं असेल तर आपल्या पैशांनी दोन गुंडे घ्या, एक जोड विणा, तो नमुना दाखवा आणि मजुरी नगावर, माल हातात देताच मागा. काम देणाराच आधी पैसे मागत असेल तर तिथून उठा, चहा झाला असला तरी. आणि ज्या ओळखीच्या बाईमुळे तुम्ही अडकलात तिच्याशी बोलणं टाकू नका. आमच्यात दोन घरांचं येणंजाणं त्या दोनशे रुपयांपायी अजून बंद आहे, आणि नेमक्या त्या दोघींनीच तक्रारीवर सही केली नाही.

परवा इंदूरच्या माझ्या मावसबहिणीनं तिच्या सोसायटीच्या ग्रुपवरचा एक मेसेज मला पाठवला. मजकूर शब्दशः तोच, फोन नंबर वेगळा, मोज्यांच्या जागी बाळाचे स्वेटर. अनामत आता 4,000 रुपये केली आहे.